प्रतिद्रव्य विणणारा साचा कोणता?

आपल्या सड्यावरचे फुरसे रत्नागिरीकरांना नव्याने सांगावयास नको. ते चावल्यावर जे प्रतिविष टोचतात, ते घोड्याच्या रक्तातून काढलेले असते. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम वर्षानुवर्षे केले. घोड्याला थोडे थोडे विष टोचीत गेले, की त्याच्या रक्तात विष निकामी करणारे प्रतिद्रव्य साठते. त्याच परळ-लालबागच्या गिरण्यांत आपल्या जिल्ह्याच्या कितीतरी माणसांनी साचे चालविले. म्हणून दाखला गिरणीचाच घेतो. रक्तातले प्रतिद्रव्य म्हणजे गुदामातले कापड. ते विणले कोणत्या साच्यावर?

स्टॉकहोमच्या आस्ट्रिड फाग्रेउस या विदुषींनी १९४८ साली प्लाझ्मा पेशींकडे बोट दाखविले. प्लीहेचा अतिपातळ काप काचेवर घेऊन त्यावर मिथिल ग्रीन आणि पायरोनिन हे रंग चढविले, की या पेशीचे केंद्र हिरवट आणि अंग तांबडे दिसते. कारण पायरोनिन रिबोन्यूक्लिइक आम्लाला धरते, आणि प्रथिने बनविण्यात गुंतलेल्या पेशीत ते भरपूर असते. परंतु श्रोतेहो, यावरून साचा चालू आहे एवढेच कळले; त्यावर धोतर आहे की लुगडे, ते नाही.

ते कळण्याची युक्ती हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांची. प्रतिद्रव्याला चकाकणारा रंग जोडण्याची कल्पना त्यांनी १९४१ मध्येच मांडली होती. १९५५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या कापांवर असे केले: सशाला जो पदार्थ टोचला होता तोच कापावर ओतला. ज्या पेशीत त्याचे प्रतिद्रव्य होते तिने तो धरून ठेवला. बाकीचा धुऊन टाकला. मग त्याच पदार्थाला चिकटणारे, रंग जोडलेले प्रतिद्रव्य ओतून पुन्हा धुतले. अतिनील प्रकाशात नेमक्या त्याच पेशी उजळल्या. सारी खुबी धुण्यात आहे. तेथे आळस झाला तर नको ते सर्वच चकाकते. धुणाऱ्या सहायकाचे नाव मात्र छापील निबंधावर क्वचितच येते!

आज हीच रीत, बहुधा तपकिरी रंगाने, रुग्णाच्या गाठीवर वापरतात. प्रतिद्रव्याच्या हलक्या साखळ्या दोन जातींच्या, कप्पा आणि लॅम्डा. एक पेशी सहसा एकच जात बनविते. गाठीतील प्लाझ्मा पेशींत दोन्ही मिसळ असतील तर जंतुसंसर्गासारखे कारण संभवते. जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या, तर एकाच पेशीची प्रजा बेसुमार वाढल्याची, म्हणजे कर्करोगाची, शंका बळावते. म्हणून काढलेला तुकडा लगेच, त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवावा लागतो. टेबलावर सुकलेल्या तुकड्यावर कोणताच रंग भरवशाचे बोलत नाही.