ढग दिसतो, पाऊस दिसत नाही!

जुलै महिना. नगरमधलं कुठलंही होस्टेल. एकाच खोलीत एक जण राजूरकडचा, दुसरा पाथर्डीचा. राजूरवाल्याचा घरी फोन झाला की तो सांगतो, ‘आठ दिवस झाले, सूर्य नाही दिसला. भाताची लावणी चालू आहे.’ पाथर्डीवाला फोन ठेवून म्हणतो, ‘आमच्याकडं बाजरी सुकायला लागली.’ मग दोघं एकमेकांकडं बघतात. अरे, आपण एकाच जिल्ह्यातले ना?

मग कुणीतरी मोबाइलवर उपग्रहाचा फोटो उघडतो. त्यात अख्खा महाराष्ट्र पांढरा! राजूरवरही ढग, पाथर्डीवरही ढग. आता यात पाऊस नक्की कुठं आहे?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कारण उपग्रहाला ढग दिसतो. पाऊस दिसत नाही.

घाटघर ते पाथर्डी

अकोले तालुक्यातलं घाटघर सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. खाली कोकण. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा या भिंतीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथंच रिकामा होतो. घाटघर, रतनवाडी भागात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तोच वारा डोंगर उतरून पूर्वेला आला की गरम आणि कोरडा होतो. त्यामुळं पाथर्डी, कर्जत, जामखेडला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावं लागतं. यालाच आपण भूगोलात ‘पर्जन्यछाया’ म्हणून पाठ केलं होतं.

आता उपग्रह बघू. आपले इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून सतत भारताकडं बघत असतात. दिवसा ते साध्या प्रकाशातले फोटो काढतात. रात्री ते जमत नाही. मग उपयोगी पडतो इन्फ्रारेड फोटो. त्यात ढगाच्या माथ्याचं तापमान कळतं. माथा जितका उंच तितका थंड आणि फोटोत तितका पांढराशुभ्र. साधा हिशेब असा, की ढग जितका पांढरा तितका तो उंच आणि तितका पाऊस जोरात.

हा हिशेब बऱ्याचदा बरोबर येतो. पण घाटघरला तो चुकतो.

घाटावरचे पावसाळी ढग फार उंच नसतात. डोंगर हवेला सतत वर ढकलत राहतो, त्यामुळं बुटक्या ढगांतूनही तासन् तास पाणी पडत राहतं. माथा फारसा थंड नाही, म्हणून इन्फ्रारेड फोटोत तो नुसता करडा दिसतो. खाली मात्र ओढे फुटलेले असतात. पश्चिम घाटातला पाऊस उपग्रह कमी मोजतात, हे शास्त्रज्ञांना अनेक वर्षांपासून माहीत आहे. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभी केली. ढग डोंगरावर येतात, तर आपणच डोंगरावर जाऊन बसू, असा तो सरळ विचार.

जपानी बर्फाची गोष्ट

गंमत म्हणजे हीच अडचण जपानला बर्फाच्या बाबतीत येते. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडा, गोठवणारा वारा निघतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो. तो त्या मानानं उबदार. वारा तिथून बाष्प आणि ऊब उचलतो आणि पलीकडच्या डोंगरांवर आपटतो. समुद्र, वारा, डोंगर. सगळी मांडणी आपल्यासारखीच, फक्त पाण्याऐवजी बर्फ. डोंगराच्या एका बाजूला घरं बर्फात बुडतात आणि दुसऱ्या बाजूला टोकियोत लख्ख ऊन. टोकियो म्हणजे त्यांची पाथर्डीच म्हणा ना!

हे ढगही बुटकेच. नुसता पांढरेपणा बघितला तर ते किरकोळ वाटतात. म्हणून तिथले हवामानतज्ज्ञ रंगापेक्षा नक्षी बघतात. ‘हिमावारी’ उपग्रहाच्या फोटोत समुद्रावर दोऱ्या ताणल्यासारखे ढगांचे समांतर पट्टे दिसतात. हे पट्टे आशियाच्या किनाऱ्यापासून किती अंतरावर सुरू होतात, ते ते तपासतात. अंतर जितकं कमी, तितका वारा जास्त थंड. आणि कोरियाच्या डोंगरांना वळसा घालून आलेले दोन वारे जिथं पुन्हा भेटतात, तिथं एक जाड पट्टा तयार होतो. तो ज्या किनाऱ्यावर टेकेल, तिथं बर्फाचा मारा.

फेब्रुवारी २०१८ मध्ये जपानमधल्या फुकुई शहरात १४७ सेंटिमीटर बर्फ साचला. महामार्गावर सुमारे १५०० गाड्या अडकून पडल्या. तेव्हाही दर दहा मिनिटांनी सगळ्या गोलार्धाचा आणि खुद्द जपानचा दर अडीच मिनिटांनी फोटो येत होता. पण रस्त्यावर बर्फ किती साचला, ते शेवटी जमिनीवरच मोजावं लागतं.

जेव्हा फोटो खरं बोलतो

दुसरी बाजूही बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेडला जो पाऊस झाला, तो कुणी विसरलेलं नाही. एरवी टँकरची वाट बघणाऱ्या गावांत पाणी शिरलं, उभी पिकं गेली. दुष्काळी भागात असा पाऊस पाडणारे ढग सहसा घाटावरच्यांपेक्षा वेगळ्या जातीचे असतात. दुपारनंतर चढत जाणारे, बारा-पंधरा किलोमीटर उंच. असे ढग इन्फ्रारेडमध्ये ठळक पांढऱ्या गोळ्यासारखे दिसतात. अर्ध्या तासापूर्वी ठिपका होता आणि आता त्याचा तालुक्याएवढा गोळा झाला, हे फोटोंच्या मालिकेत कळतं.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन प्रकारचे पाऊस. एक उपग्रहाला चटकन दिसतो, दुसरा त्याला चकवतो. आपण कुठल्या तालुक्यात उभे आहोत, हे माहीत नसेल तर फोटो बघून उपयोग नाही.

याचं आपल्याला काय?

एक तर नदी. भंडारदऱ्याच्या वर पडलेलं पाणी प्रवरेतून संगमनेर, श्रीरामपूर, नेवाशाकडं येतं आणि पुढं गोदावरीत जातं. संगमनेरला आभाळ कोरडं असतानाही नदीचं पाणी चढू शकतं. डोक्यावर ढग नाहीत म्हणून पात्रात गाडी धुवायला उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरं म्हणजे भरपाई. आपल्याकडं महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते. एका मंडळात कितीतरी गावं, आणि पावसाचा आकडा येतो तो मंडळातल्या पर्जन्यमापकाचा. ढग मापकाला चुकवून शेजारच्या शिवारात कोसळला तर? उपग्रहांवरून जगभरच्या पावसाचा अंदाज देणाऱ्या नकाशांचा एक चौकोनसुद्धा सुमारे दहा किलोमीटरचा असतो. घाटघर ते अकोले गाव म्हणजे असे जेमतेम चार चौकोन. तेवढ्या अंतरात पावसाचं चित्र पार बदलतं. तुमच्या बांधावरचा पाऊस या चौकोनात विरघळून जातो.

करून बघा

● हवामान खात्याच्या आणि इस्रोच्या ‘मॉसडॅक’ या साइटवर इन्सॅटचे फोटो कुणालाही फुकट बघता येतात. एकच फोटो बघून मत बनवू नका. दोन-तीन तासांची मालिका बघा.

● फोटोवरची वेळ बहुतेकदा ‘यूटीसी’मध्ये असते. त्यात साडेपाच तास मिळवा. सकाळी सहाचा म्हणून बघितलेला फोटो आपल्याकडचा साडेअकराचा असतो. इथंच अर्धे जण फसतात.

● दिवसा साधा आणि इन्फ्रारेड असे दोन्ही फोटो शेजारी ठेवा. साध्यात पांढरा पण इन्फ्रारेडमध्ये करडा, म्हणजे ढग बुटका. तो घाटमाथ्यावर ठाण मांडून बसला असेल तर खाली पाऊस आहे असं समजा. दोन्हीत पांढरा आणि झपाट्यानं वाढणारा, म्हणजे उंच ढग. मोकळ्या रानात असाल तर आडोसा गाठा. झाडाखाली मात्र नको.

● घरी सरळ काठांचा एक डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा. हवामान खातंही दिवसाचा पाऊस याच वेळी मोजतं. साडेसहा सेंटिमीटर भरलं म्हणजे ६५ मिलिमीटर. म्हणजेच एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी!

तुमच्या डब्यातला आकडा सरकार दरबारी चालणार नाही, हे खरं. पण आपल्या गावात किती पडला आणि मंडळाच्या आकड्यात किती आला, यातला फरक वर्षभर वहीत लिहिलेला असेल, तर ग्रामसभेत बोलताना हातात काहीतरी असतं. भूगोल किंवा कृषीवाल्यांना प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला विषय शोधायला लांब जावं लागणार नाही.

आणि होस्टेलच्या त्या खोलीत? राजूर आणि पाथर्डी, दोन घरी दोन डबे. दोन्हीकडचे आकडे एकाच वहीत. शेजारी त्या दिवशीचा उपग्रहाचा फोटो. एक पावसाळा हे करून बघा. पुढच्या जुलैत तो पांढरा महाराष्ट्र बघून तुम्ही विचाराल, ‘ढग कळला. डब्यात किती आहे ते सांग!’