पोट भरल्याचा निरोप

लठ्ठ माणसाला सल्ल्यांची कधी वानवा नसते. ‘जिभेवर ताबा ठेव’, ‘रात्रीचं जेवण सोड’. भूक म्हणजे निव्वळ निग्रहाचा प्रश्न, अशी सांगणाऱ्याची खात्री असते. भुकेचा बराचसा कारभार रक्तातल्या संप्रेरकांच्या हाती आहे, हे पन्नास वर्षांपूर्वीच दिसू लागलं होतं. लठ्ठ माणसांना मात्र अजून बोलणी खावी लागतात, म्हणून ती हकिकत सविस्तर सांगायला हवी.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. दोन निरनिराळ्या जनुकीय दोषांमुळे अखंड खाणारे, प्रचंड लठ्ठ होणारे उंदीर तिथे आढळले; पहिल्या प्रकारचे १९४९मध्ये. डग्लस कोलमन यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने अशा जोडल्या, की एकाचं रक्त थोडं थोडं दुसऱ्यात जावं. पहिल्या प्रकारचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तर लठ्ठाची भूक आवरे. दुसऱ्या प्रकारचा जोडला, तर लठ्ठ तसाच राही आणि निरोगी उंदीरच खाणं सोडून मरे. मग दोन्ही लठ्ठ एकमेकांना जोडले. पहिला उपाशी मेला, दुसरा खातच राहिला. कोलमन यांनी अर्थ लावला तो असा: ‘पुरे’ असं सांगणारं काहीतरी रक्तातून मेंदूकडे जातं. पहिल्या उंदरात ते तयारच होत नाही. दुसऱ्यात भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देत नाही.

हे काहीतरी म्हणजे काय, ते कळायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं. ते संप्रेरक म्हणजे लेप्टिन, आणि ते बनवतात चरबीच्याच पेशी. जितकी चरबी जास्त, तितकं रक्तात लेप्टिन जास्त.

माणसांतला पुरावा १९९७मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दिला. पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली नात्यातली दोन मुलं: आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढे मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं आणि वर्षभरात तिचं वजन सुमारे १६ किलोंनी उतरलं. अशा लेकराला हावरट म्हणणं केवढा अन्याय!

हा दोष अत्यंत दुर्मीळ आहे. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन उलट जास्तच असतं, मेंदूवर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. पण वजन उतरू लागलं, की लेप्टिन झपाट्याने घटतं आणि शरीर उपासमार समजून सावध होतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला होता. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्ष उलटल्यावरही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं, तृप्ती देणारी संप्रेरकं खालावलेली आणि भूक पूर्वीपेक्षा जास्तच होती. डाएट सुटलं म्हणून स्वतःला कोसणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

मग आहाराने काहीच साधत नाही का? साधतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं, ताजं अन्न दिलं. वाढलेल्या ताटातले उष्मांक, साखर, मेद, तंतू सारखेच. खा हवं तितकं. अतिप्रक्रियित अन्नावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि जवळपास एक किलो वजन वाढलं. ताज्या अन्नावर तितकंच घटलं. ताज्या अन्नावर असताना घ्रेलिन कमी होतं आणि आतड्यातलं तृप्तीचं संप्रेरक, पीवायवाय, जास्त. शिवाय तयार अन्न भराभर खाल्लं जात होतं. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ चावून खावी लागते. पुड्यातली बिस्किटं चहात बुडवून कधी संपली ते कळतही नाही. हा फरक मला उष्मांकांच्या तक्त्याहून मोलाचा वाटतो.

सध्या गाजणारं सेमाग्लुटाइड हे वजन उतरवणारं औषध आतड्यातल्याच जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतं. भूक खरोखर मंदावते, वजन उतरतं. काहींना मळमळ, उलट्या होतात. एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणून पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावं: हे किती वर्षं घ्यावं लागेल, आणि तो खर्च मला झेपेल का?