कड्याची खोली कागदावर

डोंगरात फिरून आलेला माणूस आपले फोटो दाखवताना एक वाक्य हमखास म्हणतो, 'प्रत्यक्षात हे याहून कितीतरी भव्य होतं हो!' मीही ते पुष्कळ वर्षं म्हणत असे. तसं म्हणायची वेळ का येते, हे मला कळलं ते हरिश्चंद्रगडावर, आणि तेही जरा महागात पडता पडता.

गोष्ट १९९४ सालच्या नोव्हेंबरमधली. आताच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पाचनई गावातून आम्ही गडावर चढलो. बरोबर गावातलेच एक वयस्कर वाटाडे होते. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. गडाच्या पश्चिम टोकाला प्रसिद्ध कोकणकडा आहे. कोयत्याच्या पात्यासारखा अर्धगोल, आत वळलेला आणि सरळ तुटलेला. खाली थेट कोकण.

कॅमेऱ्यात छत्तीस चित्रांचा रोल होता, त्यातली नऊ उरलेली. ही खोली चित्रात आणायचीच, म्हणून मी कडेकडेने पुढे सरकू लागलो. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला डोळा लावला, की पायाखालची जमीन विसरायला होते. बुटाखालचा मुरूम घसरला आणि त्याच क्षणी कुणीतरी माझी सॅक धरून मला मागे खेचलं. बाबा होते. म्हणाले, "सायेब, मागं या. कडा काय कुठं पळून चाललाय का?"

पाय लटपटत होते. पन्नासेक पावलं मागे येऊन मी बसून राहिलो. बाबा कड्याच्या दुसऱ्या टोकाकडे गेले आणि काठापासून दूर एका दगडावर जाऊन टेकले. ऊन कललं होतं. हाताला चाळा म्हणून मी तिकडे रोखून एक चित्र घेतलं.

रोल धुऊन आला तेव्हा गंमत कळली. जिवावर उदार होऊन सरळ खाली रोखून काढलेल्या चित्रांत नुसता हिरवट डाग होता. ओल्या भिंतीवर शेवाळ धरावं तसा. ती खोली वीस फुटांची की दोन हजार फुटांची, कुणालाच सांगता येईना. आणि मागे बसून घेतलेल्या चित्रात कडा असा काही उभा राहिला होता, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. बाबांचं पांढरं मुंडासं त्यात तिळाएवढं दिसत होतं.

असं का झालं? आपल्याला दोन डोळे आहेत. त्यांच्यात सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगवेगळं चित्र दिसतं. त्या फरकावरून मेंदू जवळच्या वस्तूंचं अंतर ताडतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. शिवाय काठावर उभं राहिल्यावर अंगावर येणारा वारा, पोटातली भीती, यातलं काहीच कागदावर उतरत नाही.

लांबच्या डोंगराच्या बाबतीत मात्र दोन डोळ्यांचाही फारसा उपयोग नसतो. तिथे आपण खुणांवरून अंदाज बांधतो. त्याच खुणा चित्रात आल्या, तर खोलीही येते.

पहिली खूण ओळखीच्या मापाची. माणूस, गुरं, झाड, घर यांची उंची आपल्याला ठाऊक असते. कड्यालगत माणूस तिळाएवढा दिसला, की कडा आपोआप मोठा होतो. सरळ खाली बघताना हे माप हरवतं आणि काठही चौकटीबाहेर जातो. म्हणून काठ चित्रात दिसायला हवा, आणि त्यासाठी मागे किंवा बाजूला यायला हवं. कोकणकडा अर्धगोल असल्यामुळे एका टोकाकडून दुसरं टोक छान दिसतं.

दुसरी खूण सावलीची. भर दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, सावल्या आखडतात आणि डोंगर सपाट दिसतो. कललेलं ऊन कातळाच्या प्रत्येक थराची सावली पाडतं. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला, त्यामुळे या सावल्या फार बोलक्या असतात. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी तो अंधारातच असतो, त्याची वेळ दुपार कलल्यावरची.

तिसरी खूण हवेची. जितकी लांबची रांग तितकी ती फिकी आणि निळसर दिसते, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. हा निळेपणा म्हणजे अंतराची मोजपट्टीच. पावसाळ्यानंतर हवा धुतलेली असते, तेव्हा एकामागे एक रांगा मोजता येतात. उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत त्या पुसल्या जातात.

या निळ्या प्रकाशावर ताबा मिळवून अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९२७ साली एक चित्र काढलं. योसेमिटीमधल्या हाफ डोम या कड्यासमोर ते उभे होते. आधी पिवळी काच लावून त्यांनी एक चित्र घेतलं, मग भिंगापुढे गडद लाल काच लावली. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्या कृष्णधवल चित्रात आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यातून पुढे आला. डोळ्यांना दिसलं तेवढंच नव्हे, तर मनाला जाणवलं ते त्यांना हवं होतं.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मोबाइलचं नेहमीचं भिंग बरंच रुंद बघतं, त्यामुळे पुढचा दगड मोठा आणि मागचा डोंगर चिमुकला होतो. मोबाइलला लांबचं टिपणारं वेगळं भिंग असेल, तर मागे येऊन ते वापरावं. डोंगर भरभक्कम दिसतो आणि रांगा एकमेकींजवळ येतात.

म्हणजे बघा, माणूस, काठ, सावली, रांगा, यांतलं काहीही मिळवायला काठावर जावं लागत नाही. उलट मागेच यावं लागतं. काठावरून बघायचंच असेल, तर पालथं पडून बघावं आणि त्या वेळी कॅमेरा सॅकमध्ये ठेवावा. दरीतून वर येणारा वारा कधी झोत टाकील, याचा नेम नसतो.

अलीकडे भाच्याला घेऊन पुन्हा तिथे गेलो. दरीकडे पाठ करून, हातातल्या मोबाइलकडे बघत स्वारी एकेक पाऊल काठाकडे सरकत होती. मी त्याच्या सॅकचा पट्टा धरला आणि बाबांचं वाक्य त्याला ऐकवलं.