रक्तातलं अँटिबायोटिक किती?

सेप्सिस : जंतुसंसर्गाला शरीराचा बेताल प्रतिसाद, त्यातून अवयव निकामी होऊ लागतात. ही व्याख्या २०१६ची.

सेप्सिसमध्ये रक्तातली अँटिबायोटिकची पातळी का ढळते? सलाइन आणि सूज यांमुळे औषध शरीरभर पसरून विरळ होतं. मूत्रपिंडं जोरात चालली तर ते लघवीवाटे लवकर निघून जातं. मंदावली तर साठतं. एकाच रुग्णात दोन्ही घडू शकतं.

औषधागणिक निकष वेगळा
• मेरोपेनेम : पुरेशी पातळी किती वेळ टिकली.
• अमिकासिन : शिखर किती उंच. पुढच्या डोसआधी मात्र पातळी उतरलेली हवी; नाहीतर मूत्रपिंडं आणि कानांना धोका.
• व्हँकोमायसिन : पूर्वी फक्त डोसआधीची पातळी बघत, लक्ष्य लिटरला १५ ते २० मिलिग्रॅम. २०२०च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी गंभीर एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतू) संसर्गासाठी २४ तासांतल्या एकूण पातळीवर (एयूसी) भर दिला.

नमुना : 'ट्रफ'साठी (डोसआधीच्या पातळीसाठी) रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी घेतात. वेळेची नोंद नसेल तर आकडा निरुपयोगी. पहिला डोस या तपासणीसाठी थांबवत नाहीत.