पडद्यासमोर बसलेली गिटार

लाल टोपी घातलेला, दाढी वाढलेला एक माणूस टेक्सासच्या वाळवंटातून चालत येतो. कॅनमधलं शेवटचं घोटभर पाणी पितो आणि पुन्हा चालू लागतो. तो बोलत नाही. पुढची पंचवीसेक मिनिटं तो एक शब्दही बोलणार नाही. त्याच्या वाटचं बोलते ती एक गिटार. तार छेडली जाते, सूर सरकत वर चढतो, थरथरतो, आणि तो पुरता विरेपर्यंत दुसरा सूर येतच नाही.

विम वेंडर्सच्या ‘पॅरिस, टेक्सास’ची ही सुरुवात. १९८४ साली कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि राय कूडरचं त्यातलं संगीत तेव्हापासून गिटार वाजवणाऱ्यांच्या पिढ्यांनी पाठ केलं. कूडर रॉकच्या दुनियेतला वादक. ‘रोलिंग स्टोन्स’च्या १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’ अल्बममध्ये ‘सिस्टर मॉर्फिन’ हे गाणं आहे, त्यातली सरकती गिटार त्याचीच. ‘पॅरिस, टेक्सास’पर्यंत त्याने ‘द लाँग रायडर्स’सारखे काही चित्रपटही केले होते. पण या चित्रपटात त्याने हात जितका आवरला, तितका क्वचितच कुणी रॉक गिटारवादक आवरतो. सोबतीला डेव्हिड लिंडली आणि जिम डिकिन्सन हे दोघेच. ड्रम्स नाहीत, व्हायोलिनचा ताफा नाही.

काम सुरू झालं ते ऐकण्यापासून. वेंडर्सच्या मंडळींनी वाळवंटातला नुसता वारा, नुसती मोकळी जागा ध्वनिमुद्रित करून आणली होती. कूडरने नंतर सांगितलं आहे, की ते ऐकताना त्या वाऱ्याला एक ठरावीक स्वर असल्याचं त्याच्या लक्षात आलं. तो स्वर म्हणजे ई फ्लॅट. मग सगळी वाद्यं त्याच स्वरात लावली. आपल्या पेटीच्या भाषेत हा स्वर काळी दोन. नाशिकच्या कुठल्याही भजनी मंडळात ‘काळी दोन’ म्हटलं, की पेटीवाल्याचं बोट न बघता त्या पट्टीवर जातं. गिटारचा षड्ज वाऱ्याच्या षड्जाशी जुळला असेल, तर सूर कुठे संपला आणि वारा कुठे सुरू झाला हे प्रेक्षकाला सांगता येत नाही.

हे वाजवायचं कसं, ते हातात गिटार घेतल्याशिवाय कळत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर भागांत गिटार शिकणारी मुलं भरपूर आहेत. बहुतेकांचा हात कॉर्डवर बसलेला असतो. तीच गिटार स्लाइडसाठी, म्हणजे या सरकत्या वादनासाठी, लावायला घेतली, की सगळं नव्याने सुरू होतं. सहापैकी चार तारा उतरवायच्या. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा प सा ग प सा असा मेळ येतो. पहिल्या फ्रेटवर केपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, की षड्ज बरोबर काळी दोनवर. डाव्या करंगळीत काचेची किंवा धातूची नळी घालायची आणि ती तारेवर नुसती टेकवायची. दाबली तर फ्रेटवर आपटून खडखड होते. उचलली तर सूरच मरतो. नळी फ्रेटच्या बरोबर वर थांबली पाहिजे. जरा अलीकडे थांबली तरी सूर उतरलेला राहतो आणि कान लगेच पकडतो. नळीच्या मागची बोटं तारांवर हलकी ठेवावी लागतात, नाहीतर तिथूनही आवाज येतो. न वाजणाऱ्या तारा उजव्या तळव्याने गप्प कराव्या लागतात. नवशिक्याचे पहिले काही आठवडे वाजवण्यापेक्षा या गप्प करण्यातच जातात.

मग येतो खरा मुद्दा. केपोपासून मोजलं, तर बारीक तारेवर तिसऱ्या फ्रेटला कोमल गंधार, चौथ्याला शुद्ध गंधार. ब्लूजचा सगळा जीव या दोन फ्रेटच्या मधल्या बोटभर जागेत आहे. नळी कोमलवरून निघते, शुद्धकडे जाते, आणि पोचायच्या आधीच रेंगाळते. मींड ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारणच नाही. स्वर म्हणजे एका जागी ठोकलेली खुंटी नसते, हे आपल्याकडे तंबोऱ्याजवळ बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मोहनवीणा वाजवणारे विश्वमोहन भट आणि कूडर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये तालमीविना एकत्र वाजवायला बसले, आणि ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ तयार झाला. त्याला ग्रॅमीही मिळालं. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार एकमेकींना तिथे जे विचारतात, ते या मधल्या जागेबद्दलच.

‘पॅरिस, टेक्सास’चा मूळ सूर कूडरने स्वतः रचलेला नाही. तो आला ब्लाइंड विली जॉन्सनकडून. टेक्सासचा हा अंध गायक डिसेंबर १९२७ मध्ये डॅलसमध्ये ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ वाजवून गेला. त्यात शब्द नाहीत. गिटार एक ओळ म्हणते आणि विली नुसता हुंकार भरत तिला उत्तर देतो. हेच ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. त्या तबकडीत विलीच्या लगेच आधी वाजते ती सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी. गोव्याच्या केरी गावातून आलेला, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत घडलेला आवाज, आणि पाठोपाठ टेक्सासची सरकती तार. व्हॉयेजर-१ निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या. ही दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत, ही या लेखाची आग्रहाची विनंती. पाच-सात मिनिटांचंच काम आहे. भैरवीतला कोमल गंधार कानात असतानाच विलीची तार सुरू होते.

वादकाने पडद्यासमोर बसून, दृश्य बघत वाजवायचं, ही ‘पॅरिस, टेक्सास’मधली रीत एकट्या कूडरची नाही. नील यंगने जिम जार्मुशच्या ‘डेड मॅन’साठी (१९९५) संकलित केलेला चित्रपट समोर चालू ठेवून बहुतांशी एकट्या इलेक्ट्रिक गिटारवर संगीत उभं केलं. त्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९५७ मध्ये, माइल्स डेव्हिसने पॅरिसमध्ये लुई मालच्या चित्रपटातले प्रसंग बघत ट्रम्पेट वाजवला होता. खरं तर ही मूकपटांच्या काळातली पद्धत. आपल्याकडेही पडद्याखाली पेटी-तबला घेऊन माणसं बसत. समोर जे दिसेल, त्याला त्या क्षणी सूर द्यायचा.

आणि मूकपट म्हटलं, की नाशिककराला लांब जावं लागत नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत झळकला आणि लगोलग फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’ इथेच झाला. १९१८ मध्ये नाशिकमध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी ‘कालिया मर्दन’ आला. फाळक्यांचे बहुतेक चित्रपट काळाने गिळले, पण हा बराचसा शिल्लक आहे.

शहरात लघुपट करणारी, गिटार वाजवणारी मुलं आज कितीतरी आहेत. संगणकावर तयार बासरी आणि तयार व्हायोलिन एका क्लिकमध्ये मिळतात, म्हणून प्रत्येक दृश्याखाली ती अंथरली जातात. दृश्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्याऐवजी आधी पहाटे रामकुंडावर किंवा गंगापूर धरणाच्या काठी रेकॉर्डर ठेवून अर्धा तास नुसतं ऐकावं. घंटा, पाणी, वारा यांत टिकून राहणारा एखादा स्वर सापडतो का ते पेटीवर लावून पाहावं. सापडला तर गिटार त्यात मिळवावी. मग सरावाला ‘कालिया मर्दन’ घ्यावा.

त्याची सुरुवातच अशी आहे, की वादकाची परीक्षा व्हावी. कृष्ण झालेली फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते. गोष्ट अजून सुरू व्हायची आहे, पडद्यावर फक्त तिचा बदलता चेहरा आहे. तिथे कॉर्ड बडवली तर चेहरा हरवतो. प्रत्येक भावाला एक सूर दिला तर तो सर्कशीचा खेळ होतो. बारीक तारेवर नळी ठेवून, एक भाव जाऊन दुसरा येतो त्या मधल्या क्षणात ती सरकवावी आणि बाकी वेळ हात तारांवर ठेवून थांबावं. पहिल्या खेपेला जमणार नाही. रीळ मागे घेऊन पुन्हा लावायचं.