एका दिवसात भंडारदरा, पण उलट्या बाजूने

सबमिशन संपलं की हॉस्टेलवर दोनच प्लॅन निघतात. एक गोव्याचा, जो कधीच होत नाही आणि दुसरा भंडारदऱ्याचा, जो हमखास होतो. तो होतो कसा, तर सकाळी आरामात दहाला निघायचं, आधी रंधा धबधबा, मग धरणाच्या भिंतीसमोर ग्रुप फोटो, गरमागरम भजी, आणि चार वाजता "अरे, घाटघर राहिलंच की!" म्हणत परत. खरं तर धरणाभोवतीचं आख्खं वर्तुळ, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, एका दिवसात व्यवस्थित होतं. फक्त क्रम उलटा ठेवायचा. जिथे पाऊस पडतो तिथून सुरुवात आणि जिथून पाणी जिल्ह्याकडे निघतं तिथे शेवट.

मुख्य गाव शेंडी. नाशिकहून साधारण सत्तर किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून घोटीमार्गे यावं, पुणे-संगमनेरकडच्यांनी अकोले-राजूरमार्गे. शेंडीत आठपर्यंत पोचा. वर्तुळावर एसटीच्या भरवशावर फिरता येत नाही, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर शेंडीतूनच जीप ठरवा. डिपार्टमेंटची ट्रिप असेल तर सर-मॅडमना एकच विनंती, मोठी बस धरणाजवळ ठेवून आत लहान गाड्या न्या. रस्ता अरुंद आहे आणि पावसात त्याची अवस्था आपल्या मेसच्या वरणासारखी, म्हणजे कुठे घट्ट, कुठे नुसतं पाणी.

शेंडीहून पांजरे, उडदावणे करत थेट घाटघर गाठायचं. इथे जमीन एकदम संपते. कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली ठाणे जिल्हा आणि उजवीकडे अलंग-मदन-कुलंगची रांग. धुकं असेल तर काहीच दिसत नाही, तरी थोडं थांबा, वाऱ्याने पडदा हलतो. पाण्याची वाटणी इथे होते. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो. त्याच ढगातला अलीकडे पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीला मिळून थेट बंगालच्या उपसागराकडे निघतो. ढग कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि इथेच रिकामे होतात. म्हणून घाटघरला पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, लोक त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. याच जिल्ह्याच्या (२०२४ पासून नाव अहिल्यानगर) पूर्व भागात मात्र पाचशे-सहाशेवर समाधान मानावं लागतं.

आपल्या लोकांनी इथे आणखी एक गोष्ट बघावी. घाटघरला वर एक छोटं धरण आहे आणि कड्याखाली चोंढे गावाजवळ दुसरं. मधे जमिनीच्या पोटात २५० मेगावॉटचं वीजघर, सुरू झालं २००८ मध्ये. ग्रिडमध्ये वीज उरते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. चढवायला जास्त वीज लागते, उतरताना कमी मिळते, तरी संध्याकाळी सगळ्यांचे दिवे एकदम लागतात तेव्हा हा सौदा परवडतो. थोडक्यात डोंगराएवढी बॅटरी. ही दोन्ही धरणं रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटची, देशात पहिली. कोरडसर काँक्रीट पसरायचं आणि रस्त्यासारखं रोलरने दाबायचं. सिव्हिलवाल्यांनो, व्हायवाला उपयोगी पडेल!

घाटघरहून साम्रद. प्रसिद्ध सांदण दरी इथेच. एका दिवसाच्या चकरीत ती फक्त तोंडाशी जाऊन बघा. पावसाळ्यात तर आत पाऊलही नको, कारण ती वाट नाहीच, ती पाण्याची नळी आहे. वर कुठेतरी पाऊस झाला की लोंढा तुम्हाला सांगून येत नाही. कळसूबाई आणि रतनगडही या यादीतून काढून टाका, त्यांना स्वतंत्र दिवस द्यावा.

जेवणाच्या वेळेला रतनवाडी. शिलाहार काळातलं अमृतेश्वर मंदिर अख्खं काळ्या दगडात कोरलेलं आहे आणि मागे रतनगड उभा. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं. जवळची पुष्करणी बरेच जण न बघताच निघतात, तसं करू नका. जेवण गावातल्या एखाद्या घरीच सांगा, तेही सकाळी जाताना. पिठलं-भाकरी ऐनवेळी वीस जणांना मिळत नाही.

जेवताना घरच्यांशी बोला. ही वस्ती बहुतांशी महादेव कोळी समाजाची. धरण झालं तेव्हा इथल्या चांगल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आपल्याला वाटतं, एवढा पाऊस, दारात तलाव, मग यांना काय कमी? पण हा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही आणि उतार ते क्षणात खाली नेतो. उन्हाळ्यात इथल्या बायकांना हंडे घेऊन चालावं लागतं. म्हणून भातखाचरात शिरून फोटो काढणं आणि विहिरीवर पाय धुणं, हे दोन्ही बंद ठेवा. बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं परत गाडीत.

मग कोलटेंभे, मुतखेलवरून धरणाच्या भिंतीकडे. विल्सन डॅमचं काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसी, म्हणजे ३१ हजार कोटी लिटर. १९६९ मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती वाढली, मग मागून आधार देऊन ती मजबूत केली. भिंतीच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल पावसावर चालत नाही, आवर्तनावर चालतो. मोरीतून पाणी सोडलं तरच ते गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं. म्हणून आवर्तन सुरू आहे का, हे शेंडीत सकाळीच विचारून ठेवा. रंध्याचंही तसंच. वीजनिर्मितीसाठी पाणी वळवतात, त्यामुळे कोरड्या दिवसांत तिथे निराशा होऊ शकते. धरण भरून वाहू लागलं की मात्र पन्नासेक मीटरवरून कोसळणारी प्रवरा कठड्याआडूनच बघावी. ओल्या खडकाला बूट-बिट काही कळत नाही.

हे पाणी पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत शिरतं आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या उसाला जातं. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्याच्या जोरावर. कँटीनच्या चहातल्या साखरेत घाटघरचा पाऊस असणं अगदी शक्य आहे, आणि रतनवाडीच्या हंड्यात तो एप्रिलमध्ये नसतो.

रंध्याहून साडेपाचला निघा. राजूरला चहा घेऊन उजेडात घाट उतरता येतो. काजवे बघायचे असतील तर ते मे अखेर ते पहिल्या पावसापर्यंत आणि रात्रीच, त्यासाठी मुक्काम लागतो. आणि हो, पेट्रोल घोटी किंवा राजूरलाच भरून घ्या.