लाडका चारिझार्ड आणि साठ पत्ते

पत्ते म्हटले की घरातल्या मोठ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण १९९६ साली जपानमध्ये सुरू झालेल्या पोकेमॉन पत्त्यांच्या खेळात पैज नाही, हिशेब आहे.

डेक बरोबर ६० पत्त्यांचा. मूळ ऊर्जेचे पत्ते सोडले तर एका नावाचे जास्तीत जास्त चार. मुलांचा लाडका चारिझार्ड थेट मैदानात उतरत नाही. आधी चारमँडर, मग चारमेलियन, मग तो. (‘रेअर कँडी’ मधली पायरी गाळते.) चारमँडर चार ठेवले, तरी सुरुवातीच्या सात पत्त्यांत निदान एक येण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के! म्हणून हवा तो पत्ता शोधून आणणारे पत्ते वाढवावे लागतात, आणि त्यासाठी दुसरे आवडते पत्ते काढावे लागतात. मुलं अडतात ती इथेच. शिवाय एकच प्रत ठेवलेला पत्ता सरासरी दहा डावांत एकदा सहा बक्षीस-पत्त्यांखाली अडकतो.

मुलांना सांगा, एका वेळी एक-दोनच पत्ते बदला, दहा डाव खेळा, कोणता पत्ता हातात नुसता पडून राहिला ते वहीत लिहा. आणि पाकिटांमागून पाकिटं फोडू देऊ नका. त्यात काय निघेल ते नशिबावर. हवा तो पत्ता सुटाही विकत मिळतो.